पाऊण रुपया शब्द : एका लेखनकामाच्या दराची तपासणी

महिन्याला २० लेख, प्रत्येकी १,००० शब्द, शब्दाला ७५ पैसे. म्हणजे महिन्याचे १५,००० रुपये, तेही घरबसल्या. साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे गेल्या वर्षी हे काम चालून आलं. एका दैनिकाच्या पुरवणी विभागात तिने आठ वर्षं काढली आहेत; आता ती घरून लेखन आणि अनुवाद करते. काम देणारी मुंबईतली एक एजन्सी, आणि त्या एजन्सीचं गिऱ्हाईक म्हणजे गुंतवणुकीच्या योजना विकणारी एक कंपनी. मराठी वाचकाला गुंतवणुकीचे विषय समजावून सांगायचे होते. "दर कमी वाटतोय, पण काम नियमित आहे. घेऊ का गं?" एवढाच तिचा प्रश्न होता.

हा प्रश्न मराठीत लिहून पोट भरू पाहणाऱ्या प्रत्येकाला पडतो, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर अंदाजपंचे दिलं जातं. "बाजारात एवढंच मिळतं" म्हणून होकार, नाहीतर "एवढ्यात कोण लिहितं?" म्हणून नकार. दोन्हींत हिशोब नसतो. आम्ही दोघींनी तो कागदावर मांडला, आणि तो इथे सविस्तर देते आहे. ओळख पटेल असं काही दिलेलं नाही.

एका लेखाला खरंच किती वेळ लागतो

"हजार शब्द म्हणजे तीन तास," असं ती सुरुवातीला म्हणाली. लिहिणाऱ्या माणसाचा अंदाज नेहमी असाच असतो, कारण तो फक्त बोटं चालतात तेवढाच वेळ धरतो. म्हणून तिला एक लेख घड्याळ लावून लिहायला सांगितलं. एजन्सीच्या यादीतलाच विषय घेतला : नॉमिनी आणि कायदेशीर वारस यांतला फरक.

एजन्सीने सोबत जे इंग्रजी टिपण दिलं होतं, त्यात सरळ लिहिलं होतं की खातेदाराच्या मृत्यूनंतर पैसे नॉमिनीचे होतात. हे अर्धवट आहे. पैसे नॉमिनीच्या हातात पडतात, पण मालकी वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणे ठरते. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. तो निकाल शोधून, त्यातला आपल्याला लागणारा भाग समजून घेऊन मग लिहायचं म्हटल्यावर वाचनालाच दीड तास गेला. लिहायला सव्वादोन तास. पुन्हा वाचून शुद्धलेखन आणि आकडे तपासायला ४० मिनिटं. एजन्सीच्या सिस्टिममध्ये लेख चढवणं, उपशीर्षकं लावणं, गूगलवर दिसणारा दोन ओळींचा गोषवारा लिहिणं, चित्र निवडणं, याला ३५ मिनिटं. दुरुस्त्यांना तिच्या आधीच्या अनुभवावरून ४५ मिनिटं धरली, फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपला १५. बेरीज बरोबर ६ तास.

७५० रुपयांना ६ तासांनी भागलं की तासाला १२५ रुपये.

शिवाय २० पैकी ८ लेख इंग्रजीवरून अनुवाद करायचे होते, आणि मोजणी मराठी शब्दांची होणार होती. ही गोष्ट प्रस्तावात एका ओळीत होती आणि तिच्या नजरेतून सुटली होती. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात, त्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. 'इन द नेम ऑफ द नॉमिनी' हे इंग्रजीत सहा शब्द. 'नॉमिनीच्या नावे' हे दोन. तिच्या जुन्या अनुवादांत हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत साधारण आठशे होत होते. म्हणजे अनुवादाच्या लेखाला ७५० नाही, ६०० रुपये. महिन्याचा आकडा १५,००० वरून १३,८०० वर आला. अनुवादाला साडेचार तास धरले तर महिन्याचे १०८ तास होतात आणि दर जवळपास तिथेच राहतो, तासाला १२८ रुपये. अनुवादाचा दर ठरवताना मोजणी मूळ मजकुराच्या शब्दांची की अनुवादाच्या, हे आधी विचारलंच पाहिजे. दर तोच ठेवून पाचवा हिस्सा कापायची ही वाट फार सोपी आहे.

१२५ रुपये तास कमी की पुरेसे

इथे एजन्सीच्या समन्वयकांचा एक युक्तिवाद नोंदवायला हवा, कारण तो सगळीकडे ऐकू येतो आणि पटतोही. ते म्हणाले, "मॅडम, ऑफिसला जाऊन तीस हजार मिळतात, तर घरी बसून अर्ध्या वेळात पंधरा मिळतायत की." आकड्यांत पाहिलं तर ३०,००० पगाराच्या नोकरीत महिन्याला दोनशेच्या आसपास तास भरतात, म्हणजे तासाला दीडशे. त्या मानाने १२५ फार वाईट दिसत नाही.

पण हे दोन तास एकसारखे नाहीत. नोकरीतल्या तासात चहा, बैठका, लाइट गेल्यावरचा रिकामा वेळ, सुट्ट्या आणि आजारपण, सगळ्याचे पैसे मिळतात. लॅपटॉप कंपनीचा असतो. भविष्य निर्वाह निधीत मालक आपला वाटा भरतो. स्वतंत्र लेखकाला फक्त विकल्या गेलेल्या तासाचे पैसे मिळतात. काम शोधणं, दर सांगणं, बिल पाठवणं, थकलेल्या पैशांची आठवण करणं, न झालेल्या कामासाठी केलेला नमुना, हे सगळे तास त्यानेच सोसायचे.

म्हणून आम्ही उलट बाजूने निघालो. तिच्या घरात तिच्या वाट्याचे महिन्याला ३०,००० रुपये यायला हवेत, वर्षाचे ३,६०,०००. धंद्याचा खर्च वेगळा. दर चार वर्षांनी लॅपटॉप बदलायचा तर वर्षाला १५,०००, इंटरनेट-फोन १२,०००, वीज आणि इन्व्हर्टर ६,०००, आरोग्य विमा १८,०००, सीएची फी ४,०००, कोश आणि वर्गण्या ५,०००. एकूण ६०,०००. नोकरीत मालकाने भरला असता तो १२ टक्के निर्वाह निधी, म्हणजे ४३,२००, तोही आता तिनेच बाजूला टाकायचा. सगळे मिळून ४,६३,२००.

आता तास. गौरी-गणपती, दिवाळी, सासूबाईंची दुखणी, लग्नकार्यं वजा जाता ४६ आठवडे उरतात. आठवड्याला ३६ तास ती टेबलाशी बसू शकते. म्हणजे १,६५६ तास. त्यातले बिलात धरता येतील असे तास तिच्या जुन्या वहीवरून १,०५० च्या पुढे जात नव्हते. ४,६३,२०० भागिले १,०५० : तासाला ४४१. आम्ही ४४० धरले.

हा आकडा काही ऐषारामाचा नाही. तीस हजारांच्या साध्या नोकरीएवढं आयुष्य जगायला स्वतंत्र लेखकाला तासाला ४४० रुपये मिळावे लागतात. ज्याचा घरखर्च वेगळा, त्याचा आकडा वेगळा येईल. जोडीदाराच्या पगारावर घर चालतं म्हणून स्वतःचा घरखर्च शून्य धरणाऱ्या अनेक लेखिका मी पाहिल्या आहेत. त्यांनी तसं करू नये, असं मला फार मनापासून वाटतं. मग दर नवऱ्याच्या नोकरीतून भागवला जातो, आणि एजन्सीला मराठी लेखन स्वस्त असल्याचा भास होत राहतो.

दरापलीकडच्या अटी

कराराचा मसुदा आला तेव्हा लक्षात आलं की ७५ पैसे हा त्यातला सर्वांत प्रामाणिक आकडा होता. निदान तो समोर दिसत होता.

पैसे 'गिऱ्हाइकाकडून रक्कम आल्यानंतर, साधारण ६० दिवसांत' मिळणार होते. म्हणजे जानेवारीच्या कामाचे पैसे लवकरात लवकर मार्चअखेर, आणि तोवर तिचे तीन महिन्यांचे ४१,४०० रुपये अडकलेले. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत तर तेही नाहीत. एजन्सी आणि कंपनी यांच्यातल्या व्यवहाराची जोखीम साताऱ्यातल्या लेखिकेने का घ्यायची, याला काहीही उत्तर नव्हतं.

इथे कायदा लेखकाच्या बाजूने आहे, पण आपल्यातल्या फार कमी लोकांना त्याची माहिती असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे करार काहीही म्हणत असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. घरी बसून लिहिणारी एकटी व्यक्तीसुद्धा सेवा देणारा सूक्ष्म उपक्रम म्हणून 'उद्यम' पोर्टलवर नोंदणी करू शकते. आधार आणि पॅन लागतं, फी लागत नाही. फी मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली आहे : अशा उपक्रमाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजावटीत दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की हिशोब विभागाचा सूर बदलतो, तो यामुळे. नोंदणी मात्र काम सुरू करण्याआधी झालेली हवी; नंतर केलेल्या नोंदणीवर आधीच्या बिलांचा दावा टिकवणं अवघड जातं. तिने ती त्याच आठवड्यात केली.

दुसरी अट मला सर्वांत घातक वाटली. लेखातल्या मजकुरामुळे कंपनीवर कोणताही दावा झाला तर सगळी भरपाई लेखिकेने करायची, आणि रकमेला मर्यादा नाही. गुंतवणुकीच्या लेखांत, जिथे एजन्सीचं स्वतःचंच टिपण चुकीचं होतं, तिथे ७५० रुपयांसाठी अमर्याद जबाबदारी! ही अट तशीच राहिली असती तर शब्दाला पाच रुपये दिले असते तरी मी तिला सही करू नको म्हटलं असतं.

'गिऱ्हाइकाचं समाधान होईपर्यंत दुरुस्त्या' हीही अट होती. या अटीला मोल नसतं असं वाटतं, पण तेच तर ४५ मिनिटांचे तीन तास करणारं कलम असतं.

हक्कांबाबत मात्र आमचं एकमत लगेच झालं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेला लेखक स्वतःच्या लेखनाचा पहिला मालक असतो, आणि हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. इथे मसुद्यात सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी मागितले होते. कथा-कविता असती तर हे साफ नामंजूर करण्यासारखं होतं. पण नॉमिनीवरच्या, कंपनीच्या नावाने छापल्या जाणाऱ्या लेखाचे हक्क स्वतःकडे ठेवून ती काय करणार? तिने ते सोडले, आणि बदल्यात तीन लेख स्वतःच्या कामाचे नमुने म्हणून दाखवण्याची परवानगी मागितली.

व्यावसायिक मानधनावर कापल्या जाणाऱ्या १० टक्के टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापून घेतलेल्या आयकराची, तिला काळजी वाटत होती. तो दरातला तोटा नाही. विवरणपत्र भरल्यावर, कर लागू नसेल तर, ते पैसे परत येतात. फक्त हातात उशिरा येतात, म्हणून महिन्याच्या खर्चाचं गणित ९० टक्क्यांवर करावं.

साठ पैशांचा होकार

त्याच पंधरवड्यात तिने दुसरं एक काम एका फोनवर स्वीकारलं. कोकणातल्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी २,५०० शब्दांचा ललित लेख, मानधन १,५०० रुपये. म्हणजे शब्दाला ६० पैसे. तासाचा हिशोब केला तर एजन्सीपेक्षाही कमी.

मला यात विसंगती दिसत नाही. विषय तिने निवडला. लेखावर नाव तिचं. हक्क तिच्याकडेच, उद्या ललित लेखांचं पुस्तक काढलं तर तो त्यात जाईल. संपादकांनी रक्कम आणि ती कधी देणार हे आधी सांगितलं, दुरुस्त्यांचा जाच नाही, आणि त्या अंकातून कोणी फार कमावत नाही हे उघड आहे. एजन्सीच्या कामात मात्र नाव नाही, हक्क नाहीत, विषय दुसऱ्याचे, आणि लेखाच्या जोरावर योजना विकल्या जाणार. तिथे लेखिकेला पैशांशिवाय दुसरं काहीच मिळत नाही, म्हणून ते पुरेसे मिळाले पाहिजेत. (याचा अर्थ दिवाळी अंकांना सगळी सूट आहे असाही नाही. बँका आणि बिल्डरांच्या पानभर जाहिरातींनी भरलेला अंक 'मानधन देण्याची आपल्याकडे पद्धत नाही' म्हणतो, तेव्हा तो लेखकाला लुबाडतोच.)

बोलणी

४४० रुपये तासाने सहा तासांच्या लेखाचे २,६४० होतात. थेट शब्दाला २ रुपये ६४ पैसे मागितले असते तर बोलणं तिथेच संपलं असतं. म्हणून दर वाढवण्याआधी तास कमी करायचे ठरवलं.

तिने सगळं लिहून मेल केला. लेख सिस्टिमवर एजन्सीने चढवायचा. प्रत्येक विषयासोबत तपासलेलं संदर्भसाहित्य आणि शंका विचारायला कंपनीतली एक व्यक्ती द्यायची. दुरुस्तीची एकच फेरी, तीही मूळ सूचनांच्या चौकटीत. विषय बदलला तर नवा लेख. अनुवाद सध्या नकोत. पैसे बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत, गिऱ्हाइकाने दिले असोत वा नसोत. भरपाईची जबाबदारी त्या लेखाच्या मानधनापुरती. एवढं झालं तर लेख चार तासांत बसेल, आणि त्याचे १,७५० रुपये.

एजन्सीने मागितलेला १,२०० शब्दांचा फुकट चाचणी लेख लिहायलाही तिने नकार दिला. छापून आलेले दोन लेख आणि २५० शब्दांचा नमुना पाठवला. नमुना मागण्यात गैर काही नाही. पण जसाच्या तसा वापरता येईल असा अख्खा लेख मागितला, तर ते फुकटचं कामच आहे.

समन्वयकांचा फोन आला. "मॅडम, मराठीला एवढं बजेट नसतं." यावर तिच्याकडे एक ठोस गोष्ट होती : याच एजन्सीने इंग्रजी लेखांना शब्दाला तीन रुपये दिल्याचं तिला ओळखीतून कळलं होतं. तिने आवाज न चढवता विचारलं, "सर, निकाल तोच वाचावा लागतो, जबाबदारी तीच आहे, मग मराठी वाचकासाठी लिहिताना काय कमी करू?" मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत उपलब्ध असलेलं ज्ञान मराठीत आणण्याचं काम जास्त कष्टाचं आहे, कमी नाही. आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्या गुंतवणूकदाराला चुकीची माहिती मिळाली तर ती दुसरीकडून पडताळून घेण्याची सोयही त्याला कमी असते.

"शंभर जण रांगेत आहेत" हेही ऐकवून झालं. शेवटी १ रुपया ६० पैशांवर ठरलं. महिन्याला १२ लेख, तीन महिन्यांचा करार, बाकी अटी मान्य; फक्त शंका विचारायला कंपनीतली व्यक्ती नाही, मेलवर प्रश्न पाठवायचे. १,६०० रुपयांना चार तास म्हणजे तासाला ४००. ४४० पेक्षा कमी, तरी मी होकार द्यायला सांगितलं, कारण तीन महिने काम शोधण्याचे तास वाचणार होते आणि ते वाचले की बिलात धरता येणाऱ्या १,०५० तासांचा आकडा वर जातो. महिन्याला १९,२०० रुपये आणि ४८ तास, हे १३,८०० रुपये आणि १०८ तासांशी ताडून पाहिलं की वेगळा युक्तिवाद लागत नाही.

पुढे काय झालं

पहिल्या महिन्यात लेखाला सरासरी ४ तास २० मिनिटं लागली, म्हणजे तासाला ३७० च्या आत-बाहेर. विषय ओळखीचे झाले तसा वेळ घटत गेला. तिसऱ्या महिन्यात ३ तास ४० मिनिटं, तासाला ४३६. पहिलं बिल वेळेवर मिळालं. दुसरं लांबलं तेव्हा तिने उद्यम क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहून एक शांत मेल केला, आणि पैसे आले. दुरुस्तीच्या फेरीबद्दल दोनदा खटके उडाले. एकदा तिने कराराचं कलम दाखवलं, एकदा अर्धा तास सोडून दिला.

करार त्याच दराने पुढच्या तीन महिन्यांसाठी वाढला. त्यातला एक महिना होतो न होतो तोच एजन्सीने नवा प्रस्ताव ठेवला : मसुदा एआय लिहील, तिने फक्त 'हात फिरवायचा', शब्दाला ६० पैसे. तिने पुन्हा घड्याळ लावलं. दोन मसुदे सुधारून पाहिले. दोन्हींत वाक्यं गुळगुळीत होती आणि नियम जुने होते, त्यामुळे प्रत्येक आकडा मुळापासून तपासावा लागला. लेखाला अडीच तास गेले. ६०० रुपयांना अडीच तास म्हणजे तासाला २४०. तिने शब्दाला १ रुपया १० पैसे सांगितले आणि सोबत दोन्ही मसुद्यांत सापडलेल्या चुकांची यादी जोडली.

त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. वाढलेल्या कराराचे दोन महिने बाकी आहेत, आणि आठवड्यातले चार तास ती आता पुण्या-मुंबईतल्या इतर एजन्सींना आणि थेट कंपन्यांना पत्रं पाठवण्यात घालवते. पत्रात पहिल्या परिच्छेदात कामाचे नमुने असतात, दुसऱ्यात लेखाचा दर, त्यात काय येतं आणि काय येत नाही, आणि बिलाची मुदत.